धायरीची बस आणि आमचं सेफ्टी डोअर

माणसं मत्सर कशाकशाचा करतात? जावेच्या पाटल्यांचा, शेजाऱ्यांच्या नव्या गाडीचा, वर्गमैत्रिणीच्या न वाढलेल्या वजनाचा. असल्या मत्सराला समाजमान्यता आहे. चार बायका जमल्या की त्यात भरच पडते. मी मात्र आयुष्यातला सगळ्यांत कडकडीत मत्सर केला तो एका खिडकीचा. तीही विटा-सिमेंटातली नव्हे. कॉम्प्युटरच्या पडद्यावरची, पोस्टकार्डाएवढी खिडकी, आणि तिच्यात एक बस सरकत होती.

ही गोष्ट मला सांगायला फार आवडते, आणि मी ती थोडक्यात सांगत नाही. तेव्हा चहा घेऊन बसा.

त्या काळात पुण्यात आयटी कंपन्या एवढ्या झाल्या होत्या की स्थळ सांगताना ‘मुलगा सॉफ्टवेअरमध्ये आहे’ असं कुणी सांगतच नसे. तो सॉफ्टवेअरमध्ये नसला तरच खुलासा करत. अशाच एका कंपनीत, गावाबाहेरच्या काचेच्या इमारतीत मी नोकरीला होते. माझं काम लिहिण्याचं. इंजिनिअर लोक जे काही बनवत ते वापरायचं कसं, हे चार माणसांना समजेल अशा भाषेत मी लिहून देत असे. स्वयंपाक त्यांचा, पानं मांडणारी मी. जेवणारे तारीफ करताना पानं मांडणारीकडे बघत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

पण आमच्या टीममध्ये एक विकी होता, आणि तिथे माझं राज्य होतं. विकी म्हणजे टीमची सामायिक वही समजा, फक्त कॉम्प्युटरवरची. कुणीही पान उघडावं, कुणीही लिहावं, कुणीही दुसऱ्याचं खोडावं. देखभाल माझ्याकडे. पहिल्याच पानावर उजवीकडे एक चौकट होती: ‘या आठवड्यात सर्वाधिक वाचलेली पानं’. त्या चौकटीत पहिलं कायम माझंच पान. नव्या माणसाने पहिल्या दिवशी काय करावं, ओळखपत्र कुठे मिळतं, कोणती लिफ्ट मधेच रुसते, कँटीनमध्ये कोणत्या वारी जेवू नये, असं सगळं त्यात होतं. सोमवारी सकाळी मी आधी ती चौकट बघत असे आणि मग डबा जागेवर ठेवत असे.

आणि मग धायरीचा आला.

नाव सांगत नाही. धायरीला राहणारा, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान, हसरा मुलगा. ऑफिसात अगदी शुद्ध बोलायचा, पण घरून फोन आला की ‘हाय, हाय, निघालोच’ असं ऐकू यायचं. घरच्या शेतातल्या उकडलेल्या शेंगा आणायचा आणि टेबलाटेबलावर ठेवायचा. मला ‘ताई’ म्हणायचा. मत्सर करणाऱ्याची सगळ्यांत मोठी गैरसोय कोणती, तर समोरचा माणूस चांगला असणं. शेंगा खाता खाता जळायचं म्हणजे कौशल्य लागतं.

धायरीची बस कंपनीच्या बसांमध्ये सगळ्यांत लांबची. ती चुकली की माणूस पार अडकायचा. बसवाल्या ठेकेदाराची स्वतःची एक साइट होती. तिच्यावर नकाशा, आणि नकाशावर प्रत्येक बस आत्ता कुठे आहे ते दिसायचं. धायरीच्याने काय केलं, तर विकीवर एक पान उघडलं आणि त्यात तो नकाशाच बसवला. म्हणजे पान आपलं, पण पानाला खिडकी पाडलेली, आणि खिडकीतून ठेकेदाराची साइट जशीच्या तशी दिसते. धायरी, कोथरूड, खडकी, आमचं वारजे, सगळ्या बसा मुंग्यांसारख्या सरकताहेत.

पहिल्या संध्याकाळी त्याच्या टेबलाभोवती ही गर्दी.

“अरे, माझी बस अजून फाटकातच उभी आहे! चला, आणखी एक चहा!”

“हे भारी आहे हां. लाइव्ह आहे?”

“लाइव्ह नाही तर काय, कालची बस दाखवेल का?”

मी माझ्या जागेवर बसून एकाच ओळीतला स्वल्पविराम घालत होते आणि काढत होते.

पुढच्या सोमवारी चौकटीत पहिलं त्याचं पान. त्याच्या पुढच्या सोमवारीही. माझं पान दुसरं. मी स्वतःच ते पुन्हापुन्हा उघडून बघितलं, भेटी वाढाव्यात म्हणून. एका माणसाच्या बोटांनी किती वाढणार? तिकडे अख्खी कंपनी संध्याकाळभर बस बघत होती.

एवढ्यावर भागलं असतं तर मी ही गोष्ट सांगितली नसती. पण त्याच सुमारास आमच्या मॅनेजरने सगळ्यांना गोळा केलं. आमचं काम ज्या परदेशी कंपनीसाठी चालायचं, तिला आमच्यासारखाच विकी हवा होता. तो तिथे जाऊन उभा करायला एक माणूस जाणार होता. आमच्या भाषेत, ऑनसाइट.

आता ऑनसाइट म्हणजे काय ते ज्यांनी त्या काळात पुण्यात नोकरी केली त्यांनाच कळेल. जो जाई तो परत येताना चॉकलेटांचा डबा आणि फ्रिजवर चिकटवायचे चौकोन आणी. माझ्या फ्रिजवर जगातले सगळे पूल आणि मनोरे होते, आणि त्यातलं मी एकही पाहिलेलं नव्हतं. इंजिनिअर गेले, त्यांच्या हाताखालचे गेले, एक जण तर चुकीच्या टीममधून गेला. लिहिणारीला कुणी पाठवलं नाही. आता पहिल्यांदा लिहिण्याचंच काम होतं. विकी! माझा विकी!

“ज्याची पानं लोक खरोखर वाचतात, असं कुणीतरी जाईल,” मॅनेजर म्हणाला, आणि त्याची नजर उजवीकडच्या चौकटीवर गेली.

घरी आले ती भांडी आपटतच. नवरा कॉलेजात प्राध्यापक, मूळचा पेठेतला. त्याच्या घराण्यात सहानुभूतीसुद्धा मोजूनमापून देतात.

“जळल्याचा वास येतोय,” तो पेपरातून मान वर न काढता म्हणाला. “दूध उतू गेलं की ऑफिस?”

“अहो, एक खिडकी हो! पान तरी त्याचं आहे का? माल सगळा ठेकेदाराचा. दुसऱ्याच्या घरातली बस आपल्या खिडकीतून दाखवायची, यात कसली हुशारी?”

“हुशारी नसेल तर तू आधी का नाही दाखवलीस?”

अशा माणसाबरोबर मी संसार केला, हेही नोंदवून ठेवा.

तेवढ्यात बेल वाजली. आणि आता मला सासूबाईंना रंगमंचावर आणलं पाहिजे, कारण या गोष्टीतली खरी शिकवण त्यांनी दिली आणि ती त्यांना अजून माहीत नाही.

आमच्या फ्लॅटला दोन दारं. आतलं लाकडी, बाहेरचं लोखंडी गजांचं, ज्याला पुण्यात सगळे सेफ्टी डोअर म्हणतात. बेल वाजली की लाकडी दार उघडायचं. लोखंडी नाही. मग गजांमधून चौकशी सुरू. सासूबाई त्या कामात इतक्या पारंगत की बाहेरच्या माणसाला आपण गुन्हा केलाय असं आपोआप वाटू लागे.

“कोण पाहिजे?”

“आजी, पाण्याचं मशीन चेक करायचंय. कंपनीकडून आलोय.”

“कुठल्या कंपनीकडून?”

“तुमच्या मशीनच्या.”

“आमच्याकडे माठ आहे.”

मग बाहेरून, पडलेल्या आवाजात, “बरं, मग प्यायला तरी पाणी मिळेल का?”

सासूबाईंनी त्याला पाणी दिलं. पेला गजांतून जाईना म्हणून फुलपात्र आणलं. तो प्यायला, फुलपात्र गजांतून परत आलं, आणि तो जिना उतरला. तो आम्हाला दिसला, आम्ही त्याला दिसलो, देणं-घेणंही झालं. फक्त तो आत आला नाही.

मी हातातली कढई खाली ठेवली. धायरीच्याची खिडकी माझ्या डोळ्यांसमोर आली, आणि तिला गज नव्हते!

मत्सरासारखा अभ्यासू विद्यार्थी दुसरा नाही. पुढच्या काही आठवड्यांत मी जेवढं वाचलं तेवढं परीक्षेसाठीसुद्धा वाचलं नव्हतं. हेतू अजिबात उदात्त नव्हता. मला त्याची खिडकी बुजवायची होती. पण वाचत गेले तशी मी खरोखरच घाबरत गेले. बाहेरचं पान आपल्या पानात बसवलं की ते गुपचूप बसून राहील असं आपण धरून चालतो. पण ते पान म्हणजे नुसतं चित्र नव्हे. त्यात आज्ञा असतात आणि त्या चालतात. खिडकी उघडी टाकली तर आतलं पान आपल्या अख्ख्या पानाला बाजूला सारून स्वतः त्या जागी येऊन बसू शकतं. आपल्यासारखाच चेहरा करून पासवर्ड मागू शकतं. आज ते ठेकेदाराचं असेल. उद्या त्याने साइटचे पैसे भरले नाहीत आणि तो पत्ता भलत्यानेच घेतला, तर आपल्या खिडकीत भलताच उभा. आणि आमच्या विकीवर तर कुणीही, कसलाही कोड पानात थेट चिकटवावा, अशी मुभा होती. ती मुभा ठेवणारी, अर्थात, मीच.

माझे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते. आम्ही क्वार्टर्समध्ये वाढलो. कारखान्याच्या फाटकावर आत जाणाऱ्या प्रत्येकाची झडती व्हायची, काडेपेटी बाहेर ठेवावी लागायची, मग तो कामगार असो की अधिकारी. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, “तुमच्यावर पण विश्वास नाही का त्यांचा?” ते म्हणाले होते, “अविश्वास माणसावर नसतो, काडेपेटीवर असतो.” हे वाक्य तेव्हा मला काही फार थोर वाटलं नव्हतं. आता वाटलं. आता ते माझ्या उपयोगाचं होतं.

मी एक पान बनवलं. बनवण्यापुरतं तेवढं मला येत होतं. मग शेंगा सोलता सोलता अगदी मधाळ आवाजात धायरीच्याला म्हटलं, “तुझ्या बसच्या पानावर माझी पण एक छोटी खिडकी लावू का रे? शुक्रवारच्या मीटिंगपुरती?”

“लावा की, ताई. विचारताय काय.”

हाय रे निरागसता!

शुक्रवारी मोठ्या पडद्यावर मॅनेजरने त्याचं पान उघडलं. बसा दिसल्या. सगळे खूश. मग पडदा क्षणभर पांढरा झाला आणि विकीचं नेहमीचं दार समोर आलं: आमचंच चिन्ह, आमचाच निळा रंग, ‘कृपया पुन्हा लॉगिन करा’.

“हा सर्व्हर पण ना,” मॅनेजर पुटपुटला, आणि त्याने नाव घातलं, पासवर्ड घातला, बटण दाबलं.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत उमटलं: ‘आभारी आहे. हे पान विकीचं नव्हतं. पासवर्ड आम्ही ठेवून घेतलेला नाही, पण दुसऱ्या कुणी घेतला असता. कृपया बदलावा.’

मी उभी राहिले. साडी नेसून आले होते मुद्दाम. “खिडकी फक्त पाहायला असते,” मी म्हणाले, “दार म्हणून वापरायला नसते,” आणि खाली बसले. नाट्यगृहात यावर नक्की टाळ्या पडल्या असत्या. इथे एकट्यानेच वाजवल्या, धायरीच्याने. आणि अगदी मनापासून!

“ताई, कसलं भारी! माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. यावर उपाय काय?”

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं?

मॅनेजर लाल झाला होता, पण तो हुशार होता. त्याने तिथल्या तिथे आम्हा दोघांना एकत्र बांधलं. मी नियम लिहायचे, धायरीच्याने ते बसवायचे. आणि खरं सांगू का, आम्ही जे केलं ते चांगलं झालं. माझ्या पानाचं नाव ‘खिडकी लावण्याआधी’. कुणीही पानात थेट कोड चिकटवायचा नाही. फक्त पत्ता द्यायचा, खिडकी विकी स्वतः तयार करील. पत्ता आमच्या मंजूर यादीतला असेल तरच. खिडकीला गज कायम, म्हणजे आतल्या पानाला बाहेर उडी मारायची, नव्या खिडक्या उघडायची, लोकांकडून काही भरून घ्यायची परवानगी नाही. नकाशा हलायला लागतो तेवढंच हलू द्यायचं. पेला जात नसेल तर फुलपात्र. ज्यांनी आपल्या साइटवर ‘आम्हाला कुणाच्या खिडकीत बसवू नका’ असं सांगून ठेवलंय त्यांना बसवायचं नाही. आणि प्रत्येक खिडकीखाली ती लावणाऱ्याचं नाव, कारण पत्त्याचा मालक बदलला तर जाब कुणालातरी विचारता आला पाहिजे.

त्याने ते सगळं इतकं सफाईने बसवलं की बस पूर्वीसारखीच सरकत राहिली आणि कुणाला काही बदललंय हे कळलंही नाही. माझं नवं पान चौकटीत दुसरं आलं. पहिली, बस.

माझं नियमांचं पान नंतर कंपनीने बाहेरच्या जगालाही दिसेल अशा जागी ठेवलं, ग्राहकांवर छाप पडावी म्हणून. मी बॅगांच्या दुकानाबाहेर उभी राहून चाकांच्या बॅगा बघायला लागले. आणि मग एक दिवस मॅनेजरने मला आत बोलावलं.

“तुमचे नियम झकास आहेत. तिकडच्यांनाही फार आवडले.”

“थँक यू.”

“तर तिकडे तो जातोय. शेवटी कोड त्याचा आहे, बसवायला तोच लागणार.”

“आणि नियम?”

“नियम काय, मेलने जातात. नियमांना व्हिसा लागत नाही, मॅडम.”

मी हसले. मी कॉलेजात नाटकात कामं केली आहेत, एवढं येतं. केबिनमधून जागेवर आले. तिथे शेंगांचा ढीग होता आणि त्यावर चिठ्ठी: ‘ताई, तुमच्यामुळे.’

सगळ्या खाल्ल्या.

तो गेला. पहिल्या आठवड्यात बर्फाचा फोटो. दुसऱ्या आठवड्यात बर्फातला त्याचा फोटो. तिसऱ्या आठवड्यात लांब कोट घालून एका पुलावरचा फोटो, आणि तो पूल माझ्या फ्रिजवर होता! नवरा म्हणाला, “चौकोन सरळ कर, वाकडा झालाय.” मी त्याच्याशी दोन जेवणं बोलले नाही.

मग त्याचा फोन आला. आवाज आनंदाने फुललेला. “ताई, एक गंमत सांगतो. तुमचं नियमांचं पान मी इथल्या विकीवर पहिल्या पानावरच लावलंय. नक्कल नाही केली हां. तुमचंच पान, खिडकीतून. म्हणजे तुम्ही तिकडे सुधारलंत की इथे लगेच दिसणार. रोज सगळे वाचतात.”

“यादीत घातलंस का माझा पत्ता? चौकशी वगैरे?”

“अहो, तुमचं पान! तुमची कसली चौकशी?”

मी फोन ठेवला. सासूबाई जगाला गजांमधून प्रश्न विचारतात, पण जिन्यातून माझ्या नणंदेचा ‘आई, मी आलेय’ एवढा आवाज आला की न बघता दोन्ही दारं सताड उघडतात. घरच्या माणसाची झडती कोण घेतं? त्याने सगळ्या जगाला गज लावले होते आणि मला, आदरापोटी, आत घेऊन बसवलं होतं. त्या दूरच्या देशातल्या पहिल्या पानावर, बर्फाच्या त्या बाजूला, जे दिसत होतं ते वारज्यात बसून मी क्षणात बदलू शकत होते.

बाबा म्हणाले असते, काडेपेटी तुझ्याच खिशात आहे.

मी काय केलं असेल असं वाटतं? विचार केला, हात आवरला, मन मोठं केलं? छे! मी कॉम्प्युटर उघडला आणि पानाच्या अगदी वर, ठळक अक्षरांत, शुद्ध इंग्रजीत एक मजकूर घातला. त्याचा अर्थ असा: ‘ज्या पानावर तुम्ही रोज विश्वास ठेवता ते तुमच्या इमारतीत नाही. ते पुण्यातली एक बाई लिहिते. मनात येईल तेव्हा ती ते बदलू शकते. आत्ता तिने बदललंच आहे. तिची कुणी चौकशी केली होती का?’ खाली माझा हुद्दा. गज असले तर पान बाहेर उडी मारत नाही. पण पान काय बोलेल ते गज कसे अडवणार? हे माझ्या नियमांत होतंच, शेवटच्या ओळीत, नाव लिहिण्याच्या गोष्टीत. लोक शेवटची ओळ वाचत नाहीत. पहिली वाचतात.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाय ठेवते तोच बोलावणं. मॅनेजर उभाच होता.

“हे तुम्ही लिहिलंत?”

“पान माझंच आहे.”

“ग्राहकाच्या पहिल्या पानावर? तुम्हाला कल्पना आहे का, तिकडे किती गोंधळ उडालाय?”

“म्हणजे वाचलं त्यांनी.”

त्याने डोळे मिटले. “तिकडे सुरक्षेची प्रमुख एक बाई आहे. सकाळी कॉफी घेऊन बसली आणि तुमचा मजकूर वाचला. मला मेल आली आहे.” तो थांबला. नोकरी गेली तर नवरा कोणतं वाक्य बोलेल तेही मला ऐकू आलं.

“काय म्हणते?”

“म्हणते, त्यांच्या विकीवर अशा किती खिडक्या ओळखीपाळखीने लागल्या आहेत कुणास ठाऊक. ज्या बाईला हा घोळ चार ओळींत दाखवता आला, तिने इथे येऊन बाकीच्या सगळ्या तपासून द्याव्यात.” मग दात आवळून, “लवकर.”

“पण नियम तर मेलने जातात,” मी म्हणाले.

“मॅडम, पासपोर्ट आहे का?”

पासपोर्ट! तो मी केव्हाच काढून ठेवला होता आणि दिवाळीच्या साफसफाईत दरवर्षी नुसता पुसून जागेवर ठेवत होते.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो पेपर खाली ठेवून म्हणाला, “म्हणजे दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिल्याबद्दल शिक्षा म्हणून परदेशी पाठवतायत. आमच्या वेळी अंगठे धरायला लावायचे.” पण बॅग त्यानेच आणली. चाकांची.

विमानतळावर धायरीचा न्यायला आला होता, हातावर एक भलामोठा कोट घेऊन, माझ्यासाठी. मला वाटलं होतं तो रागावला असेल. निदान थोडा. मला हवा होता तो राग. त्यावर माझं एक उत्तर तयार होतं.

“ताई, काय धडा शिकवलात! मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या ताईंनी मुद्दाम परीक्षा घेतली.” कोट माझ्या खांद्यावर घालत तो म्हणाला. “तुमचं पान आता नक्कल करून ठेवलंय. खाली तुमचं नाव, वर माझं, तपासणारा म्हणून. आणि हे घ्या, आईने पार्सल पाठवलंय.”

शेंगा. भाजलेल्या. धायरीहून.

मी तिथे त्यांच्या खिडक्या तपासल्या. किती निघाल्या ते सांगत नाही, त्या बाईंना मी तसा शब्द दिलाय. त्या मला रोज स्वतःच्या हाताने कॉफी करून द्यायच्या आणि मी त्यांना सेफ्टी डोअरची गोष्ट सांगायचे. सासूबाईंचा आवाज मी हुबेहूब काढते. माठाच्या वाक्यावर त्यांना हसू आवरत नसे. मी पूल पाहिला, मनोरा पाहिला, आणि पुढच्या वेळी लोकांनी माझी चॉकलेटं खावीत म्हणून डबा भरून घेतला. सगळं मनासारखं झालं.

सोमवार होता. तिथली सकाळ म्हणजे आपल्याकडची संध्याकाळ, ऑफिस सुटण्याची वेळ. आत येऊन कोट काढायच्या आधी मी आमचा पुण्याचा विकी उघडला. सवय! उजवीकडची चौकट. माझी पानं जगभर गाजत होती, तिथल्या बाई मला नावाने ओळखत होत्या, मॅनेजर मला आता मेलमध्ये ‘आदरणीय’ लिहू लागला होता.

चौकटीत पहिली: बस.

जळफळत मी ते पान उघडलं, म्हटलं बघू तरी एवढं काय आहे त्यात. खिडकीत गजांआड पुणं होतं. खडकीची बस पुलापाशी अडकली होती. धायरीची लांबच लांब जात होती. आणि वारज्याची, माझी, चौकातून वळत होती. तिच्यात खिडकीजवळची माझी जागा रिकामी असेल किंवा ती कुणी बळकावली असेल. ती बस आमच्या सोसायटीच्या थांब्याशी येईपर्यंत मी कोट न काढता बघत बसले.

आणि अशी माझी, त्याच्या पानाला, आणखी एक भेट नोंदली गेली.